एक्कावन्न भांड्यांवरचं नाव

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तरावं चालू होतं आणि तोवर मी कोर्टाची पायरी चढलो नव्हतो. सोलापुरात पन्नास वर्षं भांड्यांच्या दुकानासमोर बसलो, जिथं लग्नसराईत रोज दोन तरी भांडणं लागतात, पण साक्षीला म्हणूनसुद्धा मला कुणी नेलं नाही. याचा मला लई अभिमान होता. नातीनं त्या वर्षी तो उतरवला.

आधी माझा धंदा सांगतो. भांड्यांवर नाव घालायचं, हा माझा धंदा. लग्नात मुलीला भांडी देतात, त्यांच्यावर कुणी दिली, कुणाला दिली, कुठल्या तारखेला दिली, हे कोरायचं. छिन्नी आणि हातोडी, एवढंच सामान. आता बाजारात विजेचं पेन घेऊन बसणारे आलेत. भुर्रर्र करून दोन मिनिटांत ताट हातात देतात. ते अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. माझं अक्षर टिंबाटिंबाचं. घागर घासून घासून पातळ होईल, पण टिंब जाणार नाही.

शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, तीही पुरी केली नाही. अक्षरं शिकलो ती उस्तादाच्या हाताखाली, उपड्या पातेल्यावर. त्यामुळं आजही कागदावर सही करायची तर मी पेन टोचत टोचत टिंबांनीच करतो. बँकेतला साहेब एकदा म्हणाला, "आजोबा, कागदाला भोकं पडतात." म्हणलं, "पडू द्या. पुसायची तरी भीती न्हाय."

तर नात. ही माझ्या मुलीची मुलगी. मुलगी लवकर देवाघरी गेली, जावयानं दुसरा संसार मांडला, आणि पोरगी चार वर्षांची असल्यापासून आमच्याकडं वाढली. मला आबा म्हणते. शिकली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला लागली, आणि माढ्याचं एक स्थळ आलं. मुलगा पुण्याला कंपनीत. घर बरं. मी हो म्हणलं.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत आहे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं. पण भांडी त्याच्या आधी तयार पाहिजेत, म्हणून नाव घालणारा सासरी आधीच विचारून घेतो. मीही विचारलं. विहीणबाईंनी, म्हणजे मुलाच्या आईनं, फोनवर नवं नाव सांगितलं. ते नाव मी इथं लिहीत नाही, आणि नातीचं मूळ नावही लिहीत नाही. दोन्हीपैकी कुठलंही लिहिलं तरी शिव्या मलाच बसतील.

एक्कावन्न भांडी दिली. ताटं, वाट्या, पातेली, डबे, कळशी, पिंप. महिनाभर दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नाही. पन्नास भांड्यांवर नातीचं नवं नाव घातलं, असं की माढ्यात कुणी ताट उचललं तर जेवायचं विसरून अक्षर बघत बसेल. एक्कावन्नावी परात. तिच्यात मी हौसेनं दोन पोपट काढले, चोचीला चोच लावून. पोपट जरा मोठे झाले आणि नावाला जागा उरली नाही. म्हणून खाली नुसतं 'माहेरची भेट' घातलं.

लग्न वर्षभर टिकलं. मुलगा वाईट नव्हता, असं मी आज म्हणतो. तेव्हा मी बरंच वेगळं म्हणत होतो. तो पुण्यात, ही माढ्यात सासूजवळ. सणाला येऊन जायचा. एका दिवाळीला त्यानं हिला खरं सांगून टाकलं, "मला लग्नच करायचं नव्हतं. आईनं केलं." हिनं चार साड्या पिशवीत भरल्या, वाटेसाठी एका ताटात भाकरी-चटणी ठेवून वर फडकं बांधलं आणि आमच्या दारात आली. रडत नव्हती. हातपाय धुतले आणि म्हणाली, "आबा, भूक लागलीय. वाटेत खाल्लंच न्हाय."

अडीच वर्षं गेली. तिला परत जायचं नव्हतं, त्याला न्यायचं नव्हतं. तिचं सोनं त्यांनी स्वतःहून परत दिलं. दोघंही म्हणत होते, मोकळं होऊ या. अडलं होतं ते भांड्यांपाशी, आणि खरं सांगायचं तर दोघांपाशी, विहीणबाई आणि मी.

विहीणबाईंनी ती भांडी पुढच्या खोलीत फळीवर ओळीनं मांडली होती. दार उघडं असलं की सगळ्या गल्लीला दिसायची. फळी रिकामी झाली की गल्ली विचारणार. त्यांनी निरोप धाडला, "भांडी मिळणार न्हाईत." मी उलटा निरोप धाडला, "भांडी आल्याबिगर पोरगी सही करणार न्हाय."

नात म्हणायची, "आबा, सोडा की. मला काय करायचीत पिंपं?"

"तुला नसतील करायची. माझ्या हाताचं अक्षर हाय ते."

असं वर्षभर चाललं. मग त्यांच्या वकिलाचं पत्र आलं. राजीखुशीनं होत नसेल तर मुलगी घर सोडून गेली म्हणून आम्ही दावा लावतो, असं त्यात होतं. नातीनं ते मला वाचून दाखवलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. म्हणाली, "लॅबच्या मॅडमनी सांगितलंय, कोर्टाच्या आवारात मोफत सल्ल्याचं हापीस हाय. मी उद्या जाणार. यायचं तर या."

मी म्हणलं, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात."

बायको चुलीपाशी होती. चूल म्हणजे गॅसच, पण आम्ही चूलच म्हणतो. तिथूनच म्हणाली, "म्हणून तर तुमाला धाडतोय."

हापिसात तिला एक वकीलबाई दिली. तिशी-बत्तिशीची, चष्मा लावलेली, समोर स्टीलचा जेवणाचा डबा. माझी नजर आधी डब्यावर गेली. कोरा. नाव नाही. म्हणजे हापिसात कुणी उचलून नेला तर बोंबला.

मी विचारलं, "बाई, फुकट वकील म्हंजे शिकाऊ असतो का?"

नातीनं माझ्या पायावर पाय दिला. बाई हसल्या. "नाही आजोबा. दहा वर्षं झाली मला. कोणत्याही बाईला सरकारकडून मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. हे दान नाही, तिचा हक्क आहे."

"आमी फुकट घेत न्हाय कुणाचं. तुमच्या डब्यावर नाव घालून देतो."

"काम चालू आहे तोवर चमच्यावरसुद्धा नको," त्या म्हणाल्या. मला ते आवडलं. माझ्यासारखीच हट्टी बाई.

मग त्यांनी नातीला वाटा सांगितल्या. नांदायला जायचं असेल तर तसा अर्ज करता येतो. नातीनं मान हलवली. त्यांनी दावा लावला तर उत्तर देऊन लढता येतं, पोटगीही मागता येते, पण किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. आणि तिसरी वाट, वर्षाच्या वर वेगळे राहत असाल आणि दोघांनाही नको असेल, तर दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा. "त्यात कुणी कुणाबद्दल वाईट सांगायची गरज नसते," बाई म्हणाल्या.

मी म्हणलं, "वाईट सांगायचंच न्हाय? मग मी कशाला येऊ?"

"तुम्ही नाही आलात तरी चालेल, आजोबा."

पुढं त्या म्हणाल्या, दावा लागायच्या आधीच दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवता येतं. मधे एक मध्यस्थ असतो. तो निकाल देत नाही, नुसतं बोलायला लावतो. भांड्यांचं तिथं मिटलं तर मिटलं. "आणि भांड्यांचं म्हणाल तर, लग्नात मुलीला जे मिळतं ते स्त्रीधन. ते सासरचं होत नाही. ते तिचं असतं."

यातलं 'सासरचं होत नाही' एवढं माझ्या कानात शिरलं. त्याच्यापुढचं मी ऐकलंच नाही. ऐकलं असतं तर पुढची फजिती टळली असती.

बैठकीची तारीख मिळाली. मी तयारीला लागलो. भांड्यांची यादी तोंडपाठ होती तरी कागदावर टोचून काढली. नात भाकरी बांधून आली होती ते एक ताट आमच्याकडं होतं, ते चिंचेनं घासून पिशवीत घातलं. त्यावरचं अक्षर हाच पुरावा. आणि छिन्नी-हातोडी घेतली. कुणी म्हणालं असतं की हे अक्षर तुमचं कशावरून, तर तिथंच दुसरं ताट मागवून लिहून दाखवलं असतं.

कोर्टाच्या गेटवर पोलीसदादानं पिशवी उघडली.

"हे काय, आजोबा?"

"हत्यारं."

त्याचा हात थांबला. "हत्यारं?"

"छिन्नी हाय की. आन् ती हातोडी."

"कुणासाठी आणलीत?"

मागं रांग लागली. रांगेतून एक चाचा ओरडला, "अरे जाने दो बुढ्ढे को, क्या कोर्ट की दीवार तोडेगा?" माणसं हसायला लागली. नातीनं पदरात तोंड लपवलं. पदर नव्हता, ओढणी होती. शेवटी ताट आत गेलं, आणि छिन्नी-हातोडी पोलीसदादाच्या टेबलाखाली राहिली. पन्नास वर्षांत त्या जोडीला मी दिवसाउजेडी पहिल्यांदा सोडून गेलो.

मध्यस्थ म्हणून पांढऱ्या मिशांचे एक जुने वकील होते. खोली लहान, टेबल गोल. एका बाजूला नात, तिच्या वकीलबाई आणि मी. समोर मुलगा, त्याचा वकील आणि विहीणबाई. विहीणबाई नवी इरकल नेसून आल्या होत्या. मीही धुतलेलं धोतर नेसलो होतो. बाकीचे साध्या कपड्यात.

मध्यस्थ म्हणाले, "इथं कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. इथलं बोलणं या खोलीबाहेर जात नाही. मी निकाल देणार नाही."

मी विचारलं, "मग तुमी करणार काय?"

"चहा सांगणार," ते म्हणाले, आणि खरंच सांगितला. मग म्हणाले, "वडीलधाऱ्या दोघांना या बैठकीत बसायचा हक्क नाही. दोन्ही बाजूंची हरकत नाही म्हणून बसू देतो. विचारल्याशिवाय बोलायचं नाही." विहीणबाईंनी मान डोलावली, मीही डोलावली. दोघांनीही पाळलं नाही.

मुलगा आणि नात दोघंही म्हणाले, वेगळं व्हायचंय, राग नाही. पोटगीचं नातीनं नको म्हणून सांगितलं. हे सगळं चहा यायच्या आत झालं. मग मध्यस्थांनी विचारलं, "राहिलं काय?"

मी ताट काढून टेबलावर ठेवलं. खणकन आवाज झाला.

"हे राहिलं. असली पन्नास त्येंच्या फळीवर हायत. अक्षर बघा. असं अक्षर जिल्ह्यात दुसऱ्याचं दाखवा."

मुलाच्या वकिलानं ताट उचललं. कडेनं फिरवून वाचलं. मग समोरच्या कागदांत बघितलं, पुन्हा ताटात बघितलं, आणि माझ्याकडं बघून गोड हसला.

"आजोबा, हे नाव तुमच्या नातीचं नाही."

"न्हाय कसं?"

"आधारवर हे नाव नाही. बँकेत नाही. लग्नाच्या दाखल्यावरसुद्धा नाही. दाखला माहेरच्या नावानं आहे. मग या ताटावरची बाई कोण?"

खरंच की. तांदळात नाव लिहिलं होतं, ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्ले. कागदावर कुणी बदललंच नव्हतं. आणि मी, अक्षरावर जगणारा माणूस, महिनाभर घाम गाळून पन्नास भांडी अशा बाईच्या नावानं लिहून बसलो होतो जी सरकारच्या लेखी जन्मालाच आली नव्हती. वकीलबाई काही म्हणणार, एवढ्यात समोरून आवाज चढला.

"कोण म्हंजे?" विहीणबाई आपल्याच वकिलावर उखडल्या होत्या. "माझी सून! म्या ठिवलंय त्ये नाव. माझ्या आज्जीचं नाव हाय त्ये. कोण म्हणून काय इचारता?"

वकील दबक्या आवाजात म्हणाला, "काकू, जरा थांबा."

"थांबते कशाला? दहा गावात माझ्या आज्जीचं नाव घ्येत्यात. आन् तुमी म्हणता कोण?"

मध्यस्थांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे भांड्यांवर सुनेचं नाव आहे."

"व्हय की."

"म्हणजे भांडी सुनेची."

"सुनेचीच. न्हाय तर काय वाटंवरच्या बाईची?"

मुलानं कपाळाला हात लावला. त्याचा वकील पेनाचं टोपण उघडझाप करायला लागला. मी उठून उभाच राहिलो, "ऐकलं ना सगळ्यांनी? ल्ह्या आता!"

मध्यस्थ म्हणाले, "खाली बसा. हे काही पुराव्यात जात नाही. पण टेबलावर पडलं, ते आता सगळ्यांना दिसतंय." मग विहीणबाईंकडं वळले. "द्यायची का मग भांडी?"

विहीणबाईंनी पदर सावरला. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं होतं, पण बाई पक्की. म्हणाल्या, "न्या. पर नाव हितं ठिवून जावा. माझ्या आज्जीचं नाव मी दुसऱ्याच्या घरात भाकरीखाली जाऊ देणार न्हाय."

"नाव निघत न्हाय," मी म्हणलं.

"घासून काढा."

"दगडानं घासा, इटंनं घासा. माझं टिंब निघत न्हाय."

"मग भांडी बी निघत न्हाईत."

"भांडं झिजंल, पर अक्षर न्हाय जायचं!"

"लई गर्व हाय अक्षराचा!"

"हायच!"

चहा गार झाला. मुलाच्या वकिलानं फाइल मिटली आणि म्हणाला, "साहेब, हे होणार नाही. आम्ही दावा लावतो." मध्यस्थांनी घड्याळाकडं बघितलं. नात माझ्याकडं बघत होती. लहानपणी जत्रेत हरवली होती आणि सापडली तेव्हा असंच बघत होती, रागानं नव्हे, दमून. आता फाइल मिटली म्हणजे पोरगी आणखी चार-पाच वर्षं तारखांना येणार, लॅबमध्ये सुट्ट्या मागणार, हे मला कळत होतं. तरी माझी मान वाकेना.

मध्यस्थांनी तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं, बाळ?"

मी म्हणलं, "तिला काय इचारता? भांडी म्या दिलीत."

तेव्हा आमच्याच वकीलबाईंनी मला गप्प केलं. शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, दिलीत ना? मग ती तुमची राहिली नाहीत. सासरची नाहीत तशी तुमचीही नाहीत. तिची आहेत. ठेवायची, मागायची, सोडायची, हे तीच ठरवणार. त्या दिवशी सांगितलं होतं मी."

त्या दिवशी न ऐकलेलं अर्धं वाक्य असं परत आलं. मी बसलो.

नात म्हणाली, "आबा, तुमचं अक्षर लई देखणं हाय. पण ते नाव माझं न्हाय. एक वर्ष मला कुणी त्या नावानं हाक मारली की मी मागं वळून बघायचे, दुसरं कोण आलंय का म्हणून. आता रोज सकाळी ताट घासताना मी ते कशाला वाचू?" मग समोर वळली. सासूला ती आत्या म्हणायची, तेव्हाही तसंच म्हणाली. "आत्या, नाव तुमचं हाय. भांडी फळीवर राहू द्या. मला तेवढी परात द्या. तिच्यावर नाव न्हाय. आबांचे पोपट हायत."

विहीणबाई विचारात पडल्या. मला वाटलं, आता डोळ्याला पदर लावणार. त्या म्हणाल्या, "परात? तिच्यात मी रोज पीठ मळते की गं."

"आई, दुसरी आणू की!" मुलगा ओरडला. तासाभरात तो मोठ्यानं बोलला तेवढंच. त्याचा वकील हसला, मग मध्यस्थ हसले, मग सगळेच. विहीणबाईही हसल्या, टेबलावरचं ताट उचलून काखेत मारलं, आणि उठताना मला म्हणाल्या, "पुढल्या सुनंला बी त्येच नाव ठिवते. भांडी तयारच हायत."

"आई!" मुलगा म्हणाला.

तडजोड टाइप झाली, दोघांनी सह्या केल्या, वकिलांनी केल्या, मध्यस्थांनी केल्या. मी पेन घेऊन उभा राहिलो तर म्हणाले, आजोबा, तुमची सही लागत नाही. पन्नास भांडी गेली आणि सहीसुद्धा कुणी मागितली नाही. गेटवर पोलीसदादानं छिन्नी-हातोडी परत दिली आणि विचारलं, "पडली का भिंत?"

पुढचं सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. दोघांनी मिळून अर्ज केला. त्यानंतर सहा महिने थांबायचं असतं, पण ती अडीच वर्षं वेगळी होती आणि सगळं मिटलेलं होतं, म्हणून वकीलबाईंनी ती मुदत माफ करायची विनंती केली आणि कोर्टानं ऐकली. परात तर आठवडाभरातच मुलानं स्वतः आणून दिली होती. चहा घेतला. मी त्याच्याशी बोललो नाही. फार तर "साखर बास का" एवढं. निकालानंतर वकीलबाईंचा डबा मी मागून आणला आणि त्यावर नाव घातलं, पण आधी विचारलं, "बाई, कागदावर कुठलं नाव हाय, ते सांगा."

आता त्या बैठकीच्या संध्याकाळवर येतो. नात लॅबमध्ये गेली होती. मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ही तरी म्हणेल, पन्नास भांडी सोडली व्हय? ती शेंगा निवडत होती. ताटावरची बाई कोण, इथपर्यंत आल्यावर तिला हसू आवरेना. टरफलं उडाली.

"एका परातीपायी पोरीचं वरीस घालवलं," ती म्हणाली. "आन् ती बी पीठ मळायची परात."

"हसतेस काय? नाव बदलायची रीत म्या काढली का?"

ती हसायची थांबली. एक शेंग फोडून दाणे सुपात टाकले. "माझं काय नाव हुतं, सांगा बघू."

"तुझं? तुझं नाव हाय की."

"त्ये तुमच्या आईनं ठिवलेलं. त्येच्या आधीचं."

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. वैरागहून तिच्या बापानं दिलेली भांडी माझ्याच हातानं लिहिली होती, उस्तादाकडं शिकत होतो तेव्हा. सगळ्यांवर माझ्या आईनं ठरवलेलं नाव. तिचं माहेरचं नाव मी कधी उच्चारलंच नाही. तिच्या थोरल्या बहिणीनं एकदा वैरागच्या बाजारात लांबून त्या नावानं हाक मारली होती, आणि ही अशी गर्रकन वळली होती की डोक्यावरची पाटी सांडली. ते मला आठवलं. पण तिनं विचारलं आणि मी लगेच सांगितलं, असं आमच्यात होत नाही.

"ठावं हाय," मी म्हणलं. "पर सांगणार न्हाय."

"म्हंजे ठावं न्हाय," ती म्हणाली आणि शेंगा निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानाकडं जायच्या आधी, मी वैरागचा पितळी तांब्या घेतला, उंबऱ्यात बसलो, तो गुडघ्यात उपडा धरला आणि जुन्या नावाच्या खाली जागा मोजून छिन्नी लावली. तीन अक्षरांचं नाव. टक-टक ऐकून शेजारचा दात घासत बाहेर आला आणि परत आत गेला. बायको हात पुसत आली. "सकाळी सकाळी काय ठोकताय?" तिनं तांब्या माझ्या हातातनं घेतला. ती चौथी शिकलेली, माझ्यापेक्षा एक यत्ता जास्त. उजेडाकडं धरून वाचलं. अंगठा टिंबांवरून फिरवला. मग तांब्या धुतला, भरला, एकटीनं अर्धा प्याली आणि म्हणाली, "ह्यो आता माझा. तुमी पेल्यानं प्या."

मी पेल्यानं पाणी प्यालो आणि छिन्नी-हातोडी घेऊन दुकानाकडं निघालो.